एक शब्द जास्त

माणूस समोर आला की ते आधी त्याचं वजन सांगायचे आणि मग नमस्कार करायचे. मला पहिल्या भेटीत म्हणाले, "एकसष्ट. बूट सोडून." मग माझ्या गळ्यातल्या ओळखपत्रावरचं आडनाव वाचलं, चेहरा एकदम सैल झाला, आणि रुग्णालयाच्या त्या फिनेलच्या वासात, आजूबाजूला सगळं हिंदी चाललेलं असताना, खणखणीत आवाजात म्हणाले, "जय भीम जी! कोठचे तुम्ही?"

मी लातूरकडचा. ते अमरावतीचे. दिल्लीत नोकरीला लागून त्यांना तीस वर्षं होत आली होती. वजनमापं खात्यात निरीक्षक. दुकानादुकानांत जाऊन तराजू तपासायचे, वजनांवर शिक्का मारायचा, माप खोटं निघालं की पंचनामा करायचा, हे त्यांचं काम. आमच्याकडे मात्र ते निरीक्षक म्हणून आले नव्हते. दारू सोडायची म्हणून आले होते.

आमच्याकडे म्हणजे दिल्लीतल्या एका रुग्णालयात चाललेल्या औषधाच्या चाचणीत. दारू सोडलेल्या माणसाला ती पुन्हा लागू नये म्हणून एका गोळीचा उपयोग होतो का, एवढंच आम्हाला बघायचं होतं. अर्ध्या लोकांना खरी गोळी, अर्ध्यांना हुबेहूब तशीच दिसणारी पण औषध नसलेली. कुणाला कोणती, ते ना त्यांना ठाऊक, ना आम्हाला. मी डॉक्टर नव्हतो. मी फॉर्म भरणारा. लोकांना तारखेला बोलवायचं, बाटलीत उरलेल्या गोळ्या मोजायच्या, मधल्या दिवसांत फोनवर चौकशी करायची. कंत्राटी नोकरी आणि मुनिरकेत भाड्याची खोली, एवढी माझी ओळख पुरे आहे.

संमतीपत्रक त्यांनी दीड तास वाचलं. बाकीचे लोक सही कुठे करायची एवढंच विचारत. हे तिसऱ्या पानावर अडले.

"ही औषध नसलेली गोळी म्हणजे काय जी?"

मी समजावून सांगितलं.

"म्हणजे खोटं माप."

"खोटं नाही काका. तुलना करायला लागते."

"एका पारड्यात माल अन् दुसऱ्यात हवा?"

"हो, पण गिऱ्हाइकाला आधीच सांगतो ना आपण, की एकात हवा आहे."

त्यांनी पत्रक खाली ठेवलं. मग म्हणाले, "सांगून-सवरून खोटं माप! तीस वर्षांत हे नव्हतं पाह्यलं बा." आणि इतक्या आनंदाने सही केली, की जणू त्यांना बढती मिळाली होती.

तरी विश्वास बसला नव्हताच. दोन आठवड्यांनी आले ते हातात कागद घेऊन. उभं राहून वाचून दाखवला. "आज रोजी करोल बागेतील एका सराफाच्या काट्यावर दोन गोळ्यांचे वजन करण्यात आले." एक गोळी त्यांची. दुसरी करोल बागेतच गाड्यांचे पार्ट विकणाऱ्या एका पंजाबी गृहस्थाची, जो आमच्याच चाचणीत होता आणि बाहेरच्या बाकावर यांचा मित्र झाला होता. दोन्ही गोळ्या काट्यावर तंतोतंत सारख्या भरल्या होत्या.

"माप बरोबर आहे," ते म्हणाले. "तुमच्या कंपनीला सांगा, आमची तक्रार नाही."

मी कपाळावर हात मारला. "काका, गोळी बाटलीतून अशी काढायची नसते! आणि दुसऱ्याची तर हातातही घ्यायची नसते!"

"मग मी भरवसा कशावर ठेवू?"

"डॉक्टर मॅडमवर ठेवा."

"तुमच्या मॅडम अडुसष्ट किलो आहेत अन् पासष्ट सांगतात."

पडद्यामागे मॅडम दुसऱ्या रुग्णाचं ब्लडप्रेशर घेत होत्या. त्यांना मराठी येत नव्हतं, पण आकडे बरोबर समजले असावेत. पडदा हलला आणि आतून हसण्याचा आवाज आला.

त्यांच्या या खोडीने आमचं एक काम सुधारलं, हेही सांगायला हवं. आमच्या फॉर्ममध्ये प्रश्न असे, पूर्वी रोज किती पेग घ्यायचात? लोक म्हणत दोन, तीन. आम्ही लिहून घेत असू. यांनी घरून आपला स्टीलचा पेला आणला, नळाचं पाणी त्यात रोजच्या सवयीच्या खुणेपर्यंत भरलं आणि खिशातून काचेचं मोजपात्र काढून ते त्यात ओतलं. पंच्याहत्तर मिलिलिटर. "हा माझा एक. तुमच्या कागदावर एक म्हणजे तीस. आता बोला! लोक तुम्हाला दोन सांगतात ते पाच असतात. तुमचा अख्खा अभ्यास मापात मार खाऊन राह्यला." मॅडमनी त्याच आठवड्यात प्रत्येक टेबलावर एकेक मोजपात्र ठेवायला लावलं. तो दिवस ते कधी विसरले नाहीत. पुढे आले की आधी मोजपात्राकडे बघायचे, मग माझ्याकडे.

त्यांची मुलगी एकदा सोबत आली होती. कॉलेजात जाणारी, दिल्लीत वाढलेली. बाप आणि मी बोलत होतो तेव्हा तिने मोबाइलमधून डोकं वर काढून विचारलं, "बाबा, पारडं म्हणजे क्या?" त्यांचा चेहरा असा पडला की बघवेना. मग त्यांनी दोन्ही तळवे पसरले, एक वर नेला, एक खाली आणला. "हे. तुझ्या बापाची सारी जिंदगी याच्यात गेली, अन् तुला नाव माहीत नाही." ती म्हणाली, "अच्छा, तराजू का पलडा! तो ऐसे बोलो ना यार." तेही हसले. मुलीपुढे ते नेहमीच हरायचे, आणि हरताना त्यांना बरं वाटायचं.

चाचणी संपल्यावर ज्याला हवं त्याला कळवायचं होतं, की तुमची गोळी खरी होती की औषध नसलेली. बंद पाकिटं तयार झाली. यांनी पाकीट घेतलं, उघडलं नाही. दोऱ्याने बांधलं आणि वजनमापं खात्यात तराजूंना लावतात तसलं शिशाचं सील त्याला ठोकलं.

"काहून जी, बघायचं नाही?" मी त्यांच्याच भाषेत विचारलं.

"समजा आतमधून हवा निघाली. मग जे दिवस मी कोरडा राह्यलो, ते कोणाच्या नावावर टाकू? अन् औषध निघालं तर माझ्या नावावर काय उरलं? राहू द्या बंद."

हे सगळं मी सांगत बसलोय, कारण या गोष्टी सांगायला सोप्या आहेत. जी सांगायची ती मी नऊ वर्षं कुणाला सांगितली नव्हती. घरातही नाही.

त्यांच्या पत्नी, आम्ही त्यांना काकू म्हणायचो, एका मंत्रालयात कारकून होत्या. माहेर नागपूरचं. कमी बोलायच्या. चाचणीच्या नियमाप्रमाणे घरातल्या एका माणसानेही माहिती द्यायची असे, म्हणून त्या दर भेटीला अर्धी रजा टाकून यायच्या. पहिल्याच दिवशी त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं, "यांच्या पिण्याने मी नाही दमले. खोटं बोलण्याने दमले. तोंडात लवंग, खिशात बडीशेप, आणि वर मलाच म्हणायचं की तुला भास होतात. वीस वर्षं मला भासच होत आलेत."

नागपूरला काकूंच्या खात्याचं कार्यालय होतं. बदलीचा अर्ज लिहून तयार होता, फक्त द्यायचा बाकी होता. तेव्हा नवरा-बायकोत एक करार झाला, आणि निरीक्षकसाहेबांनी तो रीतसर कागदावर उतरवला. "मी प्यायलो तर त्याच दिवशी सांगेन. घरी सांगण्याची हिंमत झाली नाही तर रुग्णालयात सांगेन. लपवल्यास पत्नी नागपूरला जाण्यास मोकळी राहील." खाली दोघांच्या सह्या. तिसरी सही साक्षीदाराची.

"पिऊ नका असं नाही लिहिलं काकूंनी?" मी विचारलं होतं.

"ते यांच्या हातात आहे का नाही, मला माहीत नाही," काकू म्हणाल्या. "सांगणं तर आहे ना हातात?"

साक्षीदार म्हणून सही मी केली.

आता भाषेचं थोडं सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. फोनवर विचारायचे प्रश्न आम्हाला हिंदीत छापून दिलेले होते. दवा ली? शराब पी? दोन प्रश्न, दोन निराळी क्रियापदं, गोंधळाला जागाच नाही. तसेच्या तसे वाचायचे, असा नियम होता. पण दिवसभर हिंदी बोलून जीभ शिणायची, आणि काकांचा नंबर लावला की मी घरी आल्यासारखा मराठीत शिरायचो. छापलेला कागद बाजूला राहायचा. "काय काका, घेतली का?" एवढंच मी विचारायचो. मराठीत गोळीही घेतात आणि दारूही घेतात. दोन्ही घेतलीच. माझ्या जागी कुणी बिहारी किंवा हरियाणवी मुलगा असता तर हे घडलं नसतं.

त्यांचं उत्तरही ठरलेलं असे. "गोळी पोटात!" जशी काही तिला गाडीत बसवून देऊन आले आहेत. आणि दारूचं नाव ते घ्यायचेच नाहीत. तिला नुसतं 'ती' म्हणायचे. 'ती नाही आज. ती नाही काल.' चार महिने असे गेले. ती नाही, ती नाही.

एका शनिवारी दुपारी मी दोघा मित्रांबरोबर कोपर्निकस मार्गावरच्या आपल्या राज्याच्या जुन्या सदनात जेवायला गेलो होतो. महिनाभर वाट बघून गाठलेलं घरचं जेवण. भांड्यांचा आवाज, कुणीतरी माझ्या नावाने ओरडतंय, की ताट थंड होतंय. तेवढ्यात काकांचा फोन आला. एरवी फोन मी करायचो. त्यांनी आपणहून केलेला तो पहिलाच फोन, एवढ्यावरून तरी मला कळायला हवं होतं.

"भाऊ," ते म्हणाले. आणि पुढे काही नाही.

"बोला काका. घेतली का?"

"घेतली."

गोळी पोटात म्हणाले नाहीत. नुसतं घेतली. मी ताटाकडे बघत होतो.

"शाब्बास काका! अशीच रोज घेत जा. एकही दिवस चुकवू नका."

पलीकडे शांतता. मग अगदी सावकाश, "बरं जी." आणि फोन बंद झाला.

संध्याकाळी मी नोंदवहीत लिहिलं: गोळी नियमित. तक्रार नाही.

काकांच्या खात्यातल्या कुणाच्या तरी निवृत्तीचा कार्यक्रम होता त्या दिवशी. चार महिन्यांनी पहिला पेला. घरी जायची हिंमत होईना, म्हणून करारात लिहिलं होतं तसं त्यांनी रुग्णालयात सांगितलं. रुग्णालय म्हणजे मी. आणि मी त्यांना शाब्बास म्हणालो. त्यांना काय वाटलं असेल? मी टोमणा मारला असं? की आता कुणाला काही फरक पडत नाही असं? पुढचे अकरा दिवस ते पीत होते.

बाराव्या दिवशी काकू त्यांना घेऊन आल्या. टेबलाच्या एका बाजूला मॅडम आणि मी, समोर ते दोघं. त्यांची दाढी वाढलेली होती. कुणाचं वजन सांगायचंही त्यांना सुचलं नाही. काकूंनी पिशवीतून करार काढून टेबलावर ठेवला आणि माझ्याकडे बघितलं.

"हे म्हणतात, प्यायले त्याच दिवशी तुम्हाला फोन करून सांगितलं होतं. तुम्ही साक्षीदार आहात. सांगितलं होतं का?"

त्याच क्षणी मला सगळं समजलं. 'भाऊ' म्हणून थांबलेले ते, ती शांतता, ते 'बरं जी'. सगळं. मॅडमनी नोंदवही उघडून माझ्यापुढे सरकवली. पुढच्याच आठवड्यात माझं कंत्राट वाढवायचं होतं, काकांनाही ते ठाऊक होतं, आणि छापील प्रश्न न वाचल्याबद्दल मला आधी एकदा लेखी ताकीद मिळालेली होती.

मी म्हणालो, "फोन आला होता. पण तसं काही बोलले नाहीत. 'गोळी घेतली' एवढंच म्हणाले."

गोळी हा शब्द त्यांनी उच्चारला नव्हता. तो मी त्यांच्या तोंडी घातला. नकळत नाही. नीट कळून.

त्यांनी मान वर केली आणि माझ्याकडे पाहिलं. दुकानदाराच्या तराजूखाली चिकटवलेला चुंबक ज्यांच्या नजरेतून सुटत नसे, त्या माणसाने माझ्याकडे पाहिलं. मी वाट बघत होतो. ते म्हणाले असते, 'खोटं आहे, मी नुसतं घेतली म्हणालो,' तर मॅडमना मला हिंदीत सगळा उलगडा करून सांगावा लागला असता, आणि मराठी येणाऱ्या काकूंना तर उलगड्याचीही गरज नव्हती. एका वाक्याचं काम होतं.

ते म्हणाले, "असंच म्हणालो असेन जी. ध्यानात नाही राह्यलं."

काकूंनी कराराची घडी घातली. "बघा," त्या कुणाकडेच न बघता म्हणाल्या, "इथेही खोटंच." महिन्याभरात त्या नागपूरला गेल्या.

ते मात्र येत राहिले. एकटे. अर्ध्या रजेवर येऊन काकू बसायच्या त्या खुर्चीवर पिशवी ठेवायचे. माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायचे, माझं वजन सांगायचे. त्या फोनबद्दल एक अक्षर नाही. त्यानंतरच्या काळात ते दोनदा प्यायले. दोन्ही वेळा फोन केला नाही, त्याच दिवशी बस बदलत रुग्णालयात आले, माझ्यासमोर बसले, आणि जो शब्द कधी उच्चारायचे नाहीत तो उच्चारून म्हणाले, "मी दारू प्यायलो. एकशे वीस मिलिलिटर." मी लिहीपर्यंत थांबायचे. लिहिलेलं वाचून बघायचे नाहीत. मला वाटायचं, त्यांनी एकदा तरी वाचून बघावं.

चाचणी संपल्यावर मी त्यांचा नंबर ठेवला नाही. ठेवला असता तर लावावा लागला असता.

आता मी गुडगावला असतो. नव्याने या कामाला लागलेल्या मुलामुलींना रुग्णांशी कसं बोलायचं ते शिकवतो. प्रश्न पूर्ण वाचा, उत्तर पूर्ण घ्या, अर्धं वाक्य लिहू नका. गेल्या हिवाळ्यात एका मुलीने विचारलं, "सर, अधूरा लिख लिया तो ऐसा क्या हो जाएगा?" वर्गात सगळे माझ्याकडे बघत होते आणि मी तास तिथेच संपवला. मी त्या आठवड्यात नागपूरचं तिकीट काढलं.

काकूंचं कार्यालय सापडायला वेळ लागला नाही. जेवणाची सुट्टी होती. त्या डबा उघडून बसल्या होत्या. केस पूर्ण पांढरे. मी कोण ते सांगावं लागलं नाही, बसा म्हणाल्या. मी बसलो आणि जे इथे लिहिलंय ते सगळं एका दमात सांगितलं.

"नक्की शब्द काय होता त्यांचा?" त्यांनी विचारलं.

"घेतली."

"गोळी नाही म्हणाले?"

"नाही. ते मी घातलं."

"मी विचारलं तेव्हा तुम्हाला कळलं होतं?"

"हो."

"तरी?"

"तरी."

त्यांनी पोळीचा तुकडा होता तसाच डब्यात ठेवला. "लेकीचं लग्न मी इथून केलं," त्या म्हणाल्या. "हे पाहुण्यासारखे आले. सगळ्यांना नमस्कार करून संध्याकाळच्या गाडीने परत गेले. राहा म्हणायला माझी जीभ उचलली नाही." त्यांचा आवाज चढला नाही. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. "त्यांना सांगून आलात का, की मला सांगणार म्हणून?"

"नाही. ते कुठे असतात तेही मला माहीत नाही."

"दिल्लीतच आहेत. निवृत्त झाले. लेक जाते-येते." त्यांनी पर्समधून फोन काढला. नंबर लेकीने भरून दिलेला असावा, कारण शोधायला त्यांना वेळ लागला. चष्मा वर करून, खाली करून त्यांनी तो लावला आणि कानाला धरला.

"मी बोलते," त्या म्हणाल्या. मग थोड्या वेळाने, "बरी आहे." टेबलाच्या कडेवरून त्या बोट फिरवत होत्या. "तुम्ही त्या दिवशी सांगितलं होतं. मला आज कळलं. तो दवाखान्यातला आलाय, इथे बसलाय समोर."

पलीकडून काय बोललं गेलं ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी फोनवर तळवा ठेवला.

"विचारतात, भाऊची नोकरी वाचली होती का तेव्हा?"

मी खरं तेच सांगितलं. "वाचली, पण आठच महिने. चाचणी संपली तशी सगळ्यांचीच गेली."

त्यांनी तसंच्या तसं फोनवर सांगितलं. क्षणभराने पलीकडून हसू फुटलं, ते मात्र मला टेबलाच्या या बाजूलाही ऐकू आलं. मोठं, गडगडाटी, थांबता थांबेना.

"हसता काय असे?" काकू म्हणाल्या. आवाज कडक ठेवायचा प्रयत्न होता, पण तो नीट जमला नाही. त्यांनी खुर्ची खिडकीकडे वळवली, आणि माझ्याकडे न बघताच मोकळ्या हाताने मला खूण केली, आता तुम्ही जा.